सध्या नाही

गुरुवारी संध्याकाळी सातला आमचा कार्यक्रम.
पस्तीस मिनिटं, पाच नवे गेम,
आणि त्या पाचांत तो नाही.
एवढंच सांगायचंय मला, एका वाक्यात.
सोमवारपासून ते वाक्य लिहितेय.

फुकुओका, चौथा मजला, खाली दातांचा दवाखाना.
दुपारभर ड्रिलची घरघर फरशीतून वर येते
आणि मी लिहिते : दीपगृहाच्या तिसऱ्या भागाबद्दल या वेळी काही नसेल.
कामाहोरी-सान चष्मा कपाळावर ढकलतात.
"'या वेळी' म्हटलं की पुढच्या वेळी आहे, असं नाही का होत?"
खोडते.
तिसऱ्या भागाबद्दल काही नाही.
वकीलबाई म्हणतात, फार कोरडं झालं, 'सध्या' घाला.
घालते.
'सध्या' म्हणजे दाराला कुलूप लावायचं
आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची,
एक कोपरा बाहेर दिसेल अशी.

सुतावरून स्वर्ग गाठतात लोक, म्हणे.
आमच्या लोकांना सूतही लागत नाही.
जाहिरातीच्या कोपऱ्यात एक कुरव पक्षी होता,
कुणीतरी त्याची पिसं मोजली. अकरा.
दुसऱ्या भागाला अकरा वर्षं झाली!
तो पक्षी आम्ही चारशे येनला विकत आणलेला,
दुसऱ्याच कुणाच्या समुद्रावरचा.
हे सांगावं तरी पंचाईत.
मी गप्प बसले तर गुपित,
नाही म्हटलं, तर बघा,
उगाच कोण नाही म्हणेल?

खरं म्हणजे तिसरा भाग होता.
चार वर्षं होता.
आता कपाटात एका डब्यात आहे, वर चिठ्ठी : जुने, २.
आत एक लाकडी धक्का, त्यावर शेपूट हलवणारा कुत्रा.
कुत्रा समुद्राकडे बघतोय
आणि समुद्र करायचा राहिलाय,
नुसता राखाडी रंग आहे तिथं.
हिराकावानं केला तो कुत्रा. हिराकावा आता कुमामोतोला
सासऱ्यांची रोपवाटिका बघतो, कधीमधी मोसंबी पाठवतो.
यातलं काहीही सांगायची मला परवानगी नाही,
मोसंबी सोडून.

इमारीचे कोगा म्हणून एक गृहस्थ,
फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर असतात.
दर नव्या वर्षाला त्यांचं कार्ड येतं.
पहिल्यावर मुलीनं मेणखडूनं काढलेलं दीपगृह होतं,
त्याचा उजेड कागदाच्या बाहेर गेलेला.
परवा वेळ नसताना एक कार्ड आलं.
मुलगी साप्पोरोला शिकायला गेली.
गुरुवारी फोन चालू ठेवून दोघं मिळून बघू म्हणते.
तुम्ही घाई करू नका.
'घाई करू नका'च्या खाली रेघ,
पट्टीनं मारलेली.
मी कार्ड पालथं घातलं
आणि वाक्य पाठवून दिलं, 'सध्या'सकट.

गुरुवार. सात पस्तीस.
पाचवा गेम संपला, आमचं नाव आलं, गेलं.
काळा पडदा.
कोपऱ्यातला आकडा बघत होते,
सत्तेचाळीस हजार माणसं,
उठलीच नाहीत कुणी.
ओकुबोचा हात बटणावर होता.
मी म्हटलं, थांब.
कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.
एवढ्या लोकांच्या तोंडावर एकदम दार नको,
असं काहीतरी असेल.
मग मान हलवली, त्यानं बंद केलं.

सकाळी खाली ड्रिल सुरू व्हायच्या आधीच
कामाहोरी-सान माझ्या टेबलाशी उभे.
"तो शेवटचा अंधार," ते म्हणाले,
"लोकांनी मोजलाय. नऊ सेकंद."
मी म्हटलं, बरं मग?
त्यांनी चष्मा काढला, पुसत राहिले.
"पहिल्या भागात दिव्याची एक फेरी
किती सेकंदांची होती, आठवतंय?"