सेकंडचा माल

बावीस वर्षं मी सेकंडचा माल विकला.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून किलोवर उचलायचा,
एक धागा सुटलेला, काठ तिरका गेलेला,
कुठं रंगाचा डाग, कुठं फुलाची पाकळी कमी,
आणि मंगळवारच्या बाजारात मांडायचा.
गिऱ्हाईक टॉवेल उन्हात धरून खोट शोधायचं.
मी म्हणायचे, ताई, पाण्याला काय कळतंय
कुठला फर्स्ट नि कुठला सेकंड.

आता पोरगं म्हणतं, गाडी घ्यायची तर कोरी.

होटगी रोडच्या शोरूमात काचेमागं गारवा,
बाहेर बेचाळीस.
सेल्समननं पाण्याची बाटली दिली मला
आणि सगळी माहिती दिली मल्लेशला.
हप्ता नऊ हजार आठशे. सात वर्षं.
मी बोटांवर धरलं:
धाकटीचं कॉलेज, ह्यांचा गुडघा, तोवर मी एकसष्ट.
मग आत बसवलं. सीटवरचं प्लास्टिक
साडीखाली कुरकुरलं,
आणि तो वास!
खरं सांगते, मन गेलं त्या वासावर.
फर्स्टच्या गठ्ठ्यांना येतो तसा,
ज्यांना मी कधी हात लावला नाही.

खोटं नको. एकदा लावला होता.
पहारेकऱ्यानं बघितलं, काही बोलला नाही.
ते न बोलणंच अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी जुळे सोलापुरात, हत्तरकी सरांकडं.
आठ वर्षांची, त्रेसष्ट हजार किलोमीटर,
तेरा नंबर पासिंग, रंग राखाडी.
याकूबभाईंनी बॉनेट उघडून कान लावला,
जॉबर मागाला लावतो तसा.
म्हणाले, इंजिन खोटं बोलत नाही, मालक बोलतात.
सर खाली बघून हसले.
मी मात्र पायाखालच्या चटया उचलल्या.
दोष नेहमी घडीच्या आत असतो.
मीच घातल्यात तशा घड्या, मला ठाऊक.

पुढची डावी सीट पार मागं सरकवलेली, पाठ कललेली.
"हैदराबादला न्यायचो," सर म्हणाले,
"दर एकवीस दिवसांनी. तिला ताठ बसवत नव्हतं."
पुढं काही नाही.
ऊन लागलं म्हणून मी वरची झडप खाली केली
तर आरशाच्या कोपऱ्यात टिकली.
मरून. मोठी.
"काढून देतो," म्हणाले.
हात वर गेला,
आणि किल्लीशी खेळत खाली आला.

रात्री वाद. पाणी यायचा दिवस,
म्हणजे वाद पिंपांच्या मधे उभं राहून.
मल्लेश म्हणाला, दुसऱ्याच्या आजारपणाची गाडी
आपण का चालवायची?
हे म्हणाले, कोरी गाडी शोरूमचा उंबरा ओलांडते
आणि लाखभर तिथंच ठेवून येते.
भिंतीपलीकडून रत्नाबाई,
"काय बे, अजून ठरवूलालाव?"
मला वाटत होतं, एकदा.
एकदाच गठ्ठ्याची वरची घडी.
आणि लगेच, नऊ हजार आठशे.
आणि लगेच, त्या हाताचं वर जाणं.

ठरलं असं काही म्हणता येणार नाही.
पिंप भरलं, मी पाइप काढला,
मल्लेशला म्हणाले, दहा हजार कमी करायला सांग.
टिकलीचं बोलू नकोस.

सरांनी सात कमी केले.

गाडी आणायच्या दिवशी मी चाटी गल्लीत उतरले.
खऱ्या दुकानात, पंख्याखाली,
सीटवर टाकायला दोन टॉवेल मागितले.
दुकानदार ओळखीचा. "बाई, तुम्ही? विकत?"
फर्स्ट दाखवा, म्हणाले.
घडी मोडून दारातल्या उन्हात धरला.
खोट सापडेना.
पालटला, पुन्हा धरला.
रस्त्यावर मल्लेश हॉर्न वाजवत होता,
मागं दोन रिक्षा तुंबल्या होत्या,
आणि मी काठाचे धागे मोजत होते.