खोका सरळ धरा

ग्रेंज-ओव्हर-सँड्सला गाडी थांबली ती थांबलीच.
सहा वाजून चार मिनिटं.
डावीकडे डोंगर, उजवीकडे ओहोटी,
मैलभर ओला चिखल आणि त्यात एका पायावर उभा बगळा,
त्याला कुठंच जायचं नव्हतं.

गार्ड म्हणाला, लँकेस्टरच्या पुढं वरची तार तुटलीय.
मग म्हणाला, तार नाही, सिग्नल.
मग बराच वेळ काहीच म्हणाला नाही,
तेव्हा आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला.

मी हिशेबी माणूस.
बॅरोच्या गोदीत एकतीस वर्षं वेल्डिंग केलं,
सांध्याला लागते त्याहून जास्त धातू भरायची सवय.
विमानाला जातानाही एक गाडी आधीचीच धरतो.
आज तीच ही आधीची गाडी,
आणि नंतरची तिच्या पाठीला नाक लावून उभी.

समोरच्या बाईच्या मांडीवर पांढरा खोका.
डोरीन टायसन, अल्व्हरस्टनची.
नातीचं लग्न पोर्तुगालात, केक हिच्या हातचा.
दोनच मजले.
"तिसरा हातसामानात बसेना," ती म्हणाली,
"तो आम्ही रविवारी खाल्ला."

पावणेसातला बस आली,
कुठल्याशा शाळेची, खिडक्यांवर वाळलेलं च्युइंगगम.
चालवणारा काझिमिएश, त्याला हा रस्ता नवा.
लिंडेलचा चढ लागला, पहिलं वळण आलं
आणि डोरीन एवढंच म्हणाली: "अरे देवा."

कुणी ठरवलं नाही.
लागोसला निघालेली नर्स, मिसेस ओयेलारान,
तिनं खोक्याचा डावा कोपरा धरला.
बॅरोपासून फोनमधून मान वर न काढलेला पोरगा
मान वर काढून म्हणाला, "वळण आलं. आता उजवं."
मग प्रत्येक वळणाला तोच ओरडत राहिला,
बोटीच्या टोकावर उभं राहून खोली मोजावी तसा.
लेव्हन्सच्या पुलाशी माझी पाळी आली.
मी जन्मभर लोखंड धरलंय.
लोखंड चुकलं तर घासून पुन्हा जोडता येतं.

घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही असं नाही.
सगळेच पाहत होते, चोरून,
खोका धरलेल्या मनगटावर तर सोयीचंच.

प्रेस्टनला गाडी मिळाली. उभ्यानं. खोका बसून:
एका सुटातल्या माणसानं त्याला जागा दिली,
आम्हाला नाही.

विमानतळावर सगळे धावतात.
केक घेऊन धावता येत नाही.
डोरीन चालत राहिली, पावलं मोजत,
मी पुढं, "जरा बाजू, जरा बाजू,"
भाजीवाल्यासारखा गळा काढून.
माझं विमान दुसऱ्या इमारतीतून, दहा पाचला.
ते मला माहीत होतं. तिला मी सांगितलं नाही.

तपासणीवाल्यानं झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं,
आणि पुन्हा लावलं, आपल्याच घरचं असावं तसं हळू.
एक साखरेचं फूल तेवढं निसटलं होतं.
"हे तुमचं," डोरीन म्हणाली, आणि गेली.
मागं वळून हात करणार कसा, दोन्ही हात गुंतलेले.

कॉर्कच्या माणसाला फोन केला.
मी त्याचा जुना अकॉर्डियन बघायला निघालो होतो,
बहात्तर बटणांचा, भाता नवा घातलेला.
किन्सेलचा कुणी रोख पैसे घेऊन दारात उभाय, तो म्हणाला.
ठीक आहे, म्हणालो.
ठीक नव्हतं.

परतीचं तिकीट त्याच मार्गाचं.
फूल मी रुमालात ठेवलं, खायचं नाही असं ठरवून.
लँकेस्टरच्या अलीकडे गाडी पुन्हा थांबली.
गार्ड म्हणाला, सिग्नल.
मग खाल्लं.
बदामाचं असेल वाटलं होतं.
नुसती साखर होती.