हरताळाखाली

क प्रत पारोळ्याची.
ख एरंडोलहून आली, अर्धी वाळवीनं आधीच वाचून काढलेली.
ग ला शेवटची चार पानं नाहीत,
म्हणून लिहिणारा कोण, कुठला, शके किती,
काही कळायला मार्ग नाही.

एप्रिल. मठाच्या ओसरीवर कूलर नुसता आवाज करतो.
मी भिंग घेऊन तीन दिवस एकाच ओळीवर बसलेय.
क म्हणते, तेणें मन भारिलें.
ख म्हणते, तेणें मन मारिलें.
ग ला नेमकं तिथंच भोक,
किड्यालाही हाच शब्द गोड लागला.

शिरोरेघ सलग ओढली की म,
जराशी तुटली की भ.
तेवढ्या फटीत देव एकदा भुरळ घालतो,
एकदा जीव घेतो.

नियम असा की अवघड पाठ तो जुना,
नकलणारा सोपं करत जातो.
पण यातलं सोपं कुठलं?

सारजाआत्याला अक्षरओळख नाही, पोथी सगळी तोंडपाठ.
कळण्याची भाकर तशीच ठेवून
तिनं हात धुतले, डोळे मिटले. मी पेन्सिल टेकवली.
नाक चोंदलेलं, त्यानं म चा ब होतो.
भ ला लागतो तेवढा दम उरलेला नाही, त्याचाही ब च.
‘तेणें मन बारिलें,’ आत्या म्हणाली,
आणि पुढं निघून गेली.
परत म्हणा म्हटलं तर,
‘मधमाईन कसं म्हनू वं माय? सुरूपाईन आयकनं पडी.’
ऐकलं. दीड तास.
पुन्हा बारिलें.

संध्याकाळी क चं एक्केचाळिसावं पान उन्हाला धरलं.
कडेला हरताळाचा ठिपका, पिवळा, अजून ओला वाटावा असा.
वर ‘आहे’, नीट, वळणदार.
खाली पुसट, आधी लिहून गेलेलं ‘शे’.
हात चालता चालता घरी जाऊन आला होता.
चुलीपाशी कुणी बोललं असेल, त्यानं तेच उतरवलं,
मग दचकून
स्वतःच्या बोलीला हरताळ फासला.
तीनशे वर्षांत कुणाला दिसलं नसावं.

छापताना वर एकच शब्द जातो,
बाकीचे रेघेखाली, बारीक टायपात.
मी वर भारिलें ठेवलं.
तळटीपेत लिहिलं: क प्रत अधिक विश्वसनीय.
आत्याचं बारिलेंही टाकलं, ‘मौखिक’ म्हणून.
सर विचारतील, विश्वसनीय कशावरून?
शाई, कागद, वळण, सांगेन काहीबाही.
खरं कारण
त्या पिवळ्याखाली शे.