झाकण

चवथीला घरात सव्वीस माणसं,
आणि तिसऱ्या दिवशी सकाळी
न्हाणीच्या जाळीतून पाणी उलटं वर आलं,
हळूच,
नको त्या वेळी आलेल्या सोयऱ्यासारखं.

बाहेर माटोळीखाली आरती चाललेली.
नणंदेने आणखी दोन अगरबत्त्या लावल्या.
दीर म्हणाला, प्लंबर बोलवा.
मी म्हटलं, टाकी भरलीय.
कुठली टाकी?
ह्याच घरात जन्मला, पुण्याला इंजिनिअर झाला,
त्याला वाटायचं साखळी ओढली
की ते थेट जुवारीत जातं.

टाकी कुठे, ते मलाही ठाऊक नव्हतं.
मामंजी बारा वर्षांपूर्वी गेले
आणि झाकणाची जागा घेऊनच गेले.
पेटीत एक-चौदाचे उतारे निघाले,
देवळाच्या पावत्या, रेडिओचं लायसन,
एका म्हशीच्या खरेदीचा कागद.
टाकीबद्दल ओळ नाही.

इनास टँकर घेऊन आला तो पावसातच.
कागद मागितला नाही. पोरसात फिरला,
खांद्यावर पहार, तोंडात विडी विझलेली.
मग म्हणाला, बाये, ही केळ पळय.
बाकीच्या सगळ्या बेताच्या,
ही एकटीच एवढी कशी माजली?

केळीपासून दोन हातांवर पहार मारली.
चिऱ्यावर ठस्स, ठस्स, पुन्हा ठस्स,
मग एकदम पोकळ.
काठोकाठ भरलेली असून पोकळ.

वीतभर माती काढली, लादी लागली.
तिच्यावर ओल्या सिमेंटात बोटाने लिहिलेलं,
मामंजींचं अक्षर, तसंच उजवीकडे कललेलं:
बांय – १८ पावलं.
आणि एक बाण, गडग्यापलीकडे, एर्मेलिनच्या बांयकडे.

आमची नव्हे. आमची तर घरामागे.
मेस्त पुंडलीक सांगत असणार, न्हाणीच्या पाठी घाला,
तिथे माती मऊ, दोन दिवसांचं काम.
पण तिथून एर्मेलिनची बांय सहा पावलांवर.
म्हणून इकडे, ह्या खडकात.
सासूबाई शेवटपर्यंत एवढंच म्हणायच्या:
ह्यांनी माझी अबोली उकरली.
का, ते त्या कधी बोलल्या नाहीत,
आम्हीही विचारलं नाही.

मी चालून पाहिलं. मला चोवीस लागली.

पाइप आत गेला, मोटर घरघरली,
आरतीवाल्यांनी आवाज चढवला.
दुसऱ्या खेपेला इनास थांबला.
सगळं उपसत नाही, म्हणाला,
तळाला थोडं ठेवतो, विरजणाला.
आत कामकरी असतात ना, डोळ्यांना न दिसणारे.
तू फिनाईल ओततेस?
मी मान खाली घातली.
मोदकांच्या तळणीचं तेल?
नणंदेने मान खाली घातली.

हे कुठे रिकामं करणार, मी विचारलं.
नेतो, म्हणाला.
कुठे?
सरकारी प्लांटात, आणखी कुठे.
पावती आणून दे, मग उरलेले पैसे.
तो हसला, पण दुसऱ्या दिवशी
पावती घेऊन आला, भिजलेली, शिक्का वाचता येईल इतपत.

आता मोरीचं पाणी माडाच्या आळ्यात जातं,
भांडी आधी राखेने पुसायची, तेल कागदाने टिपायचं.
पेज गोठ्यात. वॉशिंग मशीन एक दिवसाआड,
तेही जाऊबाईंना विचारून, म्हणजे भांडून.
लादीला तडा होता, नवी ओतली.
ओली असतानाच बोट टेकवलं:
१८ त्यांची, २४ माझी.
गडग्यावरून एर्मेलिनने विचारलं, कितें बरयता गो?
हातात तिची कळशी, निथळती.
मी म्हटलं, काही नाही, हिशोब.

रात्री घर निजलं. पाऊस कौलांवर.
न्हाणीतून दिराचा आवाज आला, बारीक:
वैनी,
साखळी ओढू?