सहा मिलिमीटर

तेवीस हजार नऊशे नव्याण्णव.
म्हणजे चोवीसच, एक रुपया सोडून लाजल्यासारखं करतात.
मी लाइटबिलाच्या पाठीवर मांडून पाहिलं:
लालनचा सोळा महिन्यांचा पगार,
किंवा ह्यांच्या मोतीबिंदूचा दुसरा डोळा,
किंवा काहीच नाही, पडून राहतील बँकेत.

लेक बडोद्याहून म्हणते, आई, घेऊन टाक,
डॉक्टरांनी वाकू नको म्हटलंय ना.
गुडघा माझा. फरशीही माझीच.
तिच्यावर रोज संध्याकाळी पिवळी पावलं उमटतात
दारापासून मोरीपर्यंत,
कारण हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी
आणि बत्तीस वर्षांत एकदाही
चपलांबरोबर पाय बाहेर काढून ठेवलेले नाहीत.

कुंभोजकरांच्या सुनेनं आणलाय म्हणून बघायला गेले.
लालनलाही नेलं.
तिला विचारल्याशिवाय ठरवायचं कसं,
आणि विचारायचं तरी कसं.
परातीएवढा काळा गोल
सोफ्याखालून निघाला, भिंतीला नाक लावलं,
वळला, पुन्हा लावलं.
लालन पदर खोचून त्याच्या मागं मागं:
"आरं तिथं न्हवं, कोपऱ्यात बघ की!
कोपरा काय तुझा बा काढणार?"
त्यानं पोराचा एक मोजा गिळला
आणि मधोमध उभा राहून इंग्रजीत काहीतरी बोलला.
काय म्हणतोय वो?
मदत पाहिजे म्हणतोय.
"बरा हाय," लालन म्हणाली. "मागतो तरी."

जिना उतरताना ती पुढं होती.
"घ्या बाई. केर त्यो काढू दे, पुसायचं मी करतो.
पैसं तेवढं अर्धं करू नगा."
अर्धे कशाला करेन, मी म्हटलं.
मग दोन मजले कुणीच बोललं नाही.

रात्री माहिती वाचली, बारीक अक्षरातली सुद्धा.
वीस मिलिमीटरपर्यंतचा उंबरा चढतो.
कंपासपेटी सापडली, लेकीची,
पट्टीवर करकटकानं कोरलेलं: सातवी ब.
मी वाकले नाही, हे वाकले.
सव्वीस.
नीट बघा.
सव्वीसच आहेत.

हा उंबरा एकोणीसच्या पुरानंतरचा.
गावभागात पाणी शिरलं तेव्हा आमच्याकडे
घड्याळाच्या खिळ्यापर्यंत आलं होतं.
ओसरल्यावर चार दिवस गाळ उपसत होतो फावड्यानं,
मी आणि लालन.
तिचं घरही त्याच पाण्यात होतं
आणि ती आधी आमच्याकडे आली,
हे मी कधी बोलून दाखवलं नाही.
तिनंही नाही.
फरशी नवी घालताना गवंडी म्हणाला,
साहेब, उंबरा जरासा उंच घेऊ का?
हे गंभीरपणे म्हणाले, घे.

कृष्णेला अडवायला सहा मिलिमीटर.

मी हे मोठ्यानं म्हणाले
आणि आम्ही दोघं जे हसत सुटलो,
हे तसेच खाली बसून,
हातातली पट्टी हळदीनं पिवळी,
मी खुर्ची धरून,
की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

लेक म्हणते, रबराचा उतार मिळतो चारशेला.
म्हणजे चोवीस हजार चारशे.
बिलाच्या पाठीवर आता खाली
पोहे, काडेपेटी, ह्यांच्या डोळ्यांचे थेंब लिहिलेत.

सकाळी लालननं दारातच विचारलं,
ठरलं का?
म्हटलं, उंबरा आडवा येतोय.
तिनं खाली उंबऱ्याकडं पाहिलं,
मग आत, कालच्या संध्याकाळच्या पावलांकडं.
"आणि आलाच तर ह्या घरात त्याला हळद लागणार,"
झाडू घेत ती म्हणाली.
"मग आंघोळ मीच घालायची, न्हवं?"