पासंग

आमच्या दुकानातला तराजू डावीकडे झुकतो,
वडील होते तेव्हापासून.
उजव्या पारड्याखाली त्यांनी डांबरानं चिकटवलेलं
पाच रापेनचं पितळी नाणं अजून तिथंच आहे.
चीज जोखण्याआधी मी रिकामी पारडी बघते,
काटा मध्ये आला
की मगच सुरी हातात घेते.

हे सांगायचं कारण, रविवारी गावसभा होती.
नदीकाठच्या कुरणात लाकडी फळ्यांचं रिंगण,
वर डोंगरावर बर्फ, खाली आमचे चिखलाचे बूट,
आणि प्रश्न एवढाच:
रात्री चर्चची घंटा वाजावी की नको.

पास्टर एल्मर आधी उठले.
म्हणाले, अठरा वर्षं माझ्या उशाशी ती घंटा आहे.
देवाला किती वाजले ते माहीत असतं.
बंद करा, मला झोपू द्या.
लोक हसले. मी हसले नाही, मान हलवली.
मग योस्ट घड्याळजी उठला,
बायकोच्या दफनानंतर ज्यानं चर्चचा उंबरा ओलांडलेला नाही.
म्हणाला, वाजू द्या.
रात्री तीनला जाग येते तेव्हा
आणखी कुणीतरी जागं आहे
एवढं तरी कळतं.
मी पुन्हा मान हलवली.

बहीण कोपरानं ढोसत म्हणाली,
रेगुला, तुझे कायम दोन्ही दगडांवर पाय.

आदल्या रात्री घरात वेगळंच रण पेटलं होतं.
बाल्झ आणि त्याचा मावसभाऊ फ्लुरिन
एका व्हिडिओ गेमवरून हमरीतुमरीवर.
शेवटी म्हणे म्हातारा राजा तलवार टाकतो, दया मागतो.
सात गावं जाळलीत त्यानं, मारायलाच हवा.
शरण आलेल्याला मारणारा तू कोण?
सूप गार झालं.
मी विचारलं, मारलं तर काय होतं?
पूल कोसळतो.
आणि सोडलं तर?
पूल राहतो, राजा पुढच्या भागात परत येतो.
आम्ही दाराआधी खेळ सेव्ह केला होता ना,
दोन्ही करून पाहिलं.
मग भांडता कशाला रे?
बाल्झनं माझ्याकडे असं पाहिलं
की जणू मीच बारा वर्षांची:
त्यातलं खरं कुठलं, ते ठरवायला नको?

सभापती हेफ्टीबाई हात मोजत नाहीत.
चौथऱ्यावर उभ्या राहतात, डोळे बारीक करतात,
नजरेनंच जोखतात.
बंद करा म्हणणाऱ्यांचे हात: पाइनचं रान.
वाजू द्या म्हणणाऱ्यांचे हात: तेवढंच रान.
माझा हात दोन्ही वेळा खाली.
बाई म्हणाल्या, पुन्हा.

त्या मधल्या अर्ध्या मिनिटात
मी स्वतःची रिकामी पारडी पाहिली.
भलतंच दिसलं.
पास्टर बोलले तेव्हा मी पास्टरची होते,
योस्ट बोलला तेव्हा योस्टची.
लग्नातही असंच झालं होतं, घर विकतानाही:
जो शेवटी बोलतो
तो मला खरा वाटतो.
आयुष्यभर याला मी
समतोल म्हणत आले.

मग आधी बोलणाऱ्याच्या बाजूला
एक नाणं चिकटवलं.
हात वर केला.
शेजारी योस्ट उभा होता, त्याला दिसला.

घंटा बंद झाली. थोडक्यातच,
म्हणजे बाईंच्या डोळ्यांना वाटलं तेवढ्या थोडक्यात.
माझं बरोबर होतं का?
काय माहीत. पासंग लावला
म्हणून माल चांगला निघतो असं थोडंच आहे?

त्या रात्री मला जाग आली.
किती वाजले होते ते कळलं नाही.
समोर योस्टच्या खिडकीत दिवा होता.
मीही माझा लावला,
आणि तो बघेल म्हणून लाजून विझवला.

सकाळी तो दुकानात आला.
दोनशे ग्रॅम, म्हणाला, नीट जोख.
काटा मध्ये आला.
मी वर एक तुकडा जास्तीचा ठेवला.
त्यानं तो दोन बोटांनी उचलला,
माझ्या बाजूला ठेवला,
आणि सुटे पैसे मोजत बसला.