इतर, कृपया नमूद करा

उपनगरच्या खोलीत रात्रीचे साडेअकरा.
पंखा तीनवर, लॅपटॉप ऋजुताचा,
एमबीएच्या अर्जात उलगडलेली एक यादी:
बँकिंग, औषधनिर्मिती, वाहन उद्योग, किरकोळ विक्री.
माझी सतरा वर्षं त्यात नाहीत.
सगळ्यात तळाशी ‘इतर’.
तिथे मी उभा राहतो. विश्राम.

हाताखाली किती माणसं?
नऊ, आणि एक तोफ.
तोफ धरायची का, ते लिहिलेलं नाही.
नोकरी सोडण्याचं कारण: मुदत भरली.
पर्यायांत तेही नाही, म्हणून
‘अधिक चांगली संधी’वर टिचकी मारतो
आणि कुणाची तरी चुगली केल्यासारखं वाटतं.

ऋजुता म्हणते, बाबा, ‘आम्ही’ खोडा, ‘मी’ लिहा.
त्यांना नेतृत्व दिसलं पाहिजे.
मी लिहितो: मी अंतर काढलं. मी वारा मोजला.
मग थांबतो.
वारा बिसोई मोजायचा.
फुगा सोडायचा, डोळे बारीक करायचा,
आणि ओडियात त्या फुग्याला काहीतरी म्हणायचा.
काय, ते मी कधी विचारलं नाही.
त्याचं नाव संदर्भाच्या रकान्यात घालता येत नाही;
तिथे चालू फोन नंबर लागतो.

निबंध दुसरा: व्यवस्थापनच का?

सातपूरचा ठेकेदार उद्यापासून घ्यायला तयार आहे,
रात्रपाळी, बंदूक स्वतःची.
माझ्या बॅचचे चौघे तिथे गेट उघडतात,
साहेबांच्या गाडीला सॅल्यूटसुद्धा जुनाच, कडक.
हे कारण खरं आहे. लिहिण्यासारखं नाही.

मग हे लिहितो:
देवळालीच्या रेंजला लागून आमचं गाव.
लाल बावटा उतरला की आई निघायची
घमेलं घेऊन, मी मागे,
फुटल्या गोळ्यांचे तुकडे वेचायला.
लोखंड घमेल्यात, तांब्याची पट्टी पदराच्या गाठीत.
कॅम्पातला भंगारवाला काटा मारायचा,
किलोमागे शंभर ग्रॅम.
आई एक दगड घरूनच न्यायची,
किराणावाल्याकडे तोलून घेतलेला, अडीच किलोचा,
आणि त्याच्या काट्यावर आधी तो ठेवायची.
बोलायची काही नाही.

पुढे त्याच माळावर मी गोळे टाकले.
बावटा चढला की दर वेळी
दुर्बिणीतून आधी घमेलं शोधलं.
हे माझ्या कुठल्याच अहवालात नाही.

ऋजुता वाचते.
म्हणते, यात व्यवस्थापन कुठंय?
मी म्हणतो, दगडात.
ती पुन्हा वाचते, एका जागी ‘मी’ घालते,
मग स्वतःच काढते.

तेवढ्यात दूर देवळालीकडे रात्रीचा सराव सुरू होतो.
मांडणीतली ताटं किणकिणतात.
मी सवयीनं सेकंद मोजत बसतो,
आणि इकडे स्क्रीनवर येतं:
आपली मुदत संपली आहे,
कृपया पुन्हा प्रवेश करा.